निषिद्ध नगरीत पहिला दिवस

झिरकपूर हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी मोटारीच्या खिडकीतून पाहिले असेल. उतरून पाहिले असेल असे मात्र मला वाटत नाही. अंबाल्याहून कालका-सिमल्याकडे जाणारा हमरस्ता या गावातून जातो आणि पतियाळ्याचा रस्ता त्याला येथेच येऊन मिळतो. पलीकडे चंडीगढची हद्द लागते. चंडीगढ आधी कागदावर आखले गेले आणि मग जमिनीवर उभे राहिले. झिरकपूर कोणी आखले नाही. ते रस्त्याच्या कडेकडेने वाढत गेले. नोकरीच्या निमित्ताने साताऱ्याकडचे आमचे कुटुंब या गावात येऊन राहिले, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. घरात मराठी, दाराबाहेर पंजाबी आणि भांडण झालेच तर हिंदी, अशी आमच्याकडे भाषांची वाटणी झालेली आहे.

२०१८ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी, चीनची राजधानी पाहण्यास निघालो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारचे वयोवृद्ध सरदारजी निरोप देण्यास आले. मुलांच्या हाती त्यांनी पिन्न्यांचा डबा दिला आणि मला म्हणाले, "माझे आजोबाही तेथे गेले होते. बादशहाच्या वाड्यातून चालून आले. पण त्यांना तिकीट काढावे लागले नव्हते."

मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांनी खिशातून एक हातरुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि चांदीचे एक पदक माझ्या तळहातावर ठेवले. एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा; दुसऱ्या बाजूस शस्त्रांची मांडणी, मागे ताडाचे झाड आणि खाली १९०० हे साल. वरच्या पट्टीवर पेकिंगच्या मुक्ततेचा उल्लेख होता, आणि काठाशी लॅटिन भाषेतले एक बोधवाक्य. त्याचा अर्थ, शस्त्रांच्या बळावर शांतता मागणे. आजोबा शीख पलटणीत शिपाई होते. "हे पदक त्यांनी आम्हांला कधी लावून दाखविले नाही," सरदारजी म्हणाले, "आणि का लावीत नाही, हे आम्हीही कधी विचारले नाही."

पाहुणा म्हणून परदेशी जाणाऱ्या माणसाच्या मनात एक निर्धास्तपणा असतो. त्या देशाच्या सुखदुःखाशी आपला काही संबंध नाही, आपण तिकीट काढावे, पाहावे आणि परतावे, अशी त्याची समजूत असते. माझीही तशीच होती. त्या पदकाने ती थोडी हलविली, आणि दुसऱ्या मुक्कामी, आमच्या फिरण्याच्या अगदी पहिल्या दिवशी, ती पुरती ढासळली. त्या एका दिवसाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

पेकिंग हे नाव आमच्या लहानपणच्या भूगोलात असे. आता आपण बीजिंग म्हणतो. अर्थ तोच, उत्तरेची राजधानी. हे नगर एका सरळ दक्षिणोत्तर रेषेवर बसविलेले आहे. सुमारे पावणेआठ किलोमीटर लांबीच्या या रेषेवर वेशी, चौक, दरवाजे, राजसभा आणि टेकडी अशी एकामागून एक ओवलेली आहेत. बादशहाने दक्षिणेकडे तोंड करून बसावयाचे, हा तेथील संकेत. म्हणून येणाऱ्याने दक्षिणेकडून यावयाचे. आमच्या पुण्याच्या शनिवारवाड्याचा मोठा दरवाजा उत्तरेकडे तोंड करून उभा आहे आणि त्याचे नाव दिल्ली दरवाजा. एका राजवाड्याला आपण जगाचे मध्य आहोत असे वाटत होते. दुसऱ्याला आपल्याला कोठे पोहोचावयाचे आहे याचा ध्यास होता. दाराच्या दिशेवरूनही घराण्याचा स्वभाव कळतो.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही तिआनमेन चौकाशी पोहोचलो. पारपत्रे तपासली गेली, पिशव्या यंत्रातून गेल्या, आणि मग ते ४४ हेक्टरांचे प्रचंड पटांगण समोर आले. खेड्यापाड्यांतून आलेली चिनी कुटुंबे घोळक्याघोळक्याने चालली होती; आजोबांच्या खांद्यावर नातू, आजीच्या हाती पाण्याची बाटली. पंढरपुरास उतरलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जे भाव असतात, त्यांतले काही मला तेथे दिसले.

चौकाच्या मध्यभागी लोकवीरांचा स्तंभ आहे. तो १९५८ साली उभा झाला. त्याच्या बैठकीवर चीनच्या अर्वाचीन इतिहासातील आठ प्रसंग दगडात कोरलेले आहेत. पहिला प्रसंग आहे १८३९ सालचा. काही माणसे पेट्या फोडीत आहेत आणि त्यांतला माल नष्ट करीत आहेत. "पेट्यांत काय आहे?" मुलाने दुरूनच विचारले. मी सांगितले, "अफू."

हे सांगणे सोपे होते. पुढचे अवघड होते. लिन झेश्यू या अधिकाऱ्याने त्या वर्षी वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली आणि तेच निमित्त करून इंग्रजांनी चीनवर युद्ध लादले, हे शाळेच्या पुस्तकात असते. ती अफू पिकली कोठे, हे त्या धड्यात शोधावे लागते. काही बंगाल-बिहारकडची होती, आणि काही माळव्याची. माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख. माळव्याची अफू उतरत असे मुंबई बंदरात, आणि तेथून ती कँटनला जाई. या व्यापारात मुंबईच्या शेठ-सावकारांनी अपार पैसा मिळविला. सर जमशेटजी जीजीभाई हे त्यांपैकी एक मोठे नाव. त्यांच्या दानातून उभे राहिलेले रुग्णालय आणि कलाशाळा यांच्याविषयी आपल्याला आजही कृतज्ञता वाटते, आणि ती वाटावी. पण त्या दानाच्या पाठीमागे समुद्रापलीकडचे कोणाचे तरी उजाडलेले घर होते, हेही त्याच हिशेबाच्या वहीत लिहिलेले आहे. त्या दगडी पेट्यांकडे पाहताना मी परका पाहुणा राहिलो नव्हतो.

त्या स्तंभावर सर्वच प्रसंग नाहीत. १९८९ च्या जून महिन्यात याच चौकाभोवतालच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर सैन्य चालून गेले आणि पुष्कळ माणसे प्राणास मुकली. त्याची खूण येथे कोठे नाही. त्याविषयी कोणी बोलतही नाही. दगड जितके सांगतात तितकेच झाकतात, हे इतिहासाच्या वाचकाने कोणत्याही देशात विसरू नये.

चौकाच्या उत्तरेस तिआनमेन, म्हणजे स्वर्गीय शांतीचे दार. हे दार १४२० साली बांधले गेले. आजचे नाव त्याला १६५१ च्या पुनर्बांधणीत मिळाले. याच्या सज्जावरून १ ऑक्टोबर १९४९ रोजी माओ त्से-तुंग यांनी नव्या प्रजासत्ताकाची घोषणा केली. ते दार ओलांडून, आणखी एक दार ओलांडून, आम्ही मध्यान्ह-द्वाराशी आलो. येथून पुढे ती निषिद्ध नगरी.

मिंग घराण्याचा तिसरा बादशहा युंग-लो याने राजधानी नानकिंगहून उत्तरेस आणण्याचे ठरविले. १४०६ साली काम सुरू झाले आणि १४२० साली राजवाडा पुरा झाला. त्या वेळी आपल्याकडे गुलबर्ग्याच्या गादीवर फिरोजशहा बहमनी होता, इतके सांगितले म्हणजे काळाचा अंदाज येईल. राजवाड्याची लांबी ९६१ मीटर, रुंदी ७५३ मीटर, भोवती दहा मीटर उंचीचा तट आणि ५२ मीटर रुंदीचा खंदक. आत ९,९९९ खोल्या आणि वर अर्धी, अशी लोकसमजूत. दहा हजार खोल्यांचा वाडा स्वर्गाच्या अधिपतीचा, म्हणून पृथ्वीच्या अधिपतीने अर्धी खोली कमी ठेवली, असे म्हणतात. १९७३ साली मोजणी झाली तेव्हा त्या ८,७०४ भरल्या. या वाड्यात मिंग घराण्याचे चौदा आणि छिंग घराण्याचे दहा असे चोवीस बादशहा राहिले.

चिनी भाषेत या वाड्याच्या नावात जांभळ्या रंगाचा उल्लेख आहे. भिंती तांबड्या आणि कौले पिवळी, मग जांभळे कोठून आले, असे मुलीने विचारले. तो रंग भिंतींचा नव्हे. चिनी ज्योतिषांत ध्रुवाभोवतालच्या तारकामंडलाला ते नाव आहे. सर्व तारे ज्याच्याभोवती फिरतात तो ध्रुव. सर्व माणसे ज्याच्याभोवती फिरतात तो बादशहा. आपल्या पुराणात ध्रुव हा मांडीवरून ढकलून दिलेला एक पोर आहे आणि तपाने तो अढळपदी पोहोचतो. चिनी कल्पनेत ध्रुवाचे आसन मुळातच बादशहाचे. तेथे तपाने कोणी चढत नसे. तेथे जन्मावे लागे किंवा तलवार चालवावी लागे.

मध्यान्ह-द्वाराची मधली कमान केवळ बादशहासाठी होती. बादशहाच्या राणीला ती आयुष्यात एकदाच मिळे, लग्नाच्या दिवशी आत येताना. आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या परीक्षेत पहिले तीन आलेल्या विद्वानांना ती एकदाच मिळे, निकालाच्या दिवशी बाहेर जाताना. प्रधान आणि राजपुत्र बाजूच्या कमानींनी जात. सामान्य माणसाने तटाच्या जवळ येणे हाच अपराध. आमच्या पुढे-मागे त्या दिवशी जी गर्दी होती तिला दिवसाची ८०,००० माणसांची मर्यादा घातलेली होती. तिकीट साठ युआन, आणि तेही आधी नोंदवून. कागद नाहीच, पारपत्र हेच तिकीट. ज्या नगरीचे नाव निषिद्ध, तिने फार आत या, पण ऐंशी हजारांहून अधिक येऊ नका, असे म्हणावे, हा काळाचा मोठा गमतीचा न्याय आहे.

आतल्या चौकात मधोमध दगडी फरशीची एक वाट आहे. बादशहाची पालखी तेवढी त्या वाटेने जाई. आमची कन्या त्या वाटेवर लंगडी घालीत निघाली. मी तिला थांबविणार होतो. पण शेजारून एक चिनी पोर तशीच उड्या मारीत आली आणि दोघींची शर्यत लागली. त्या पोरीच्या आजीने आमच्याकडे पाहून विचारले, "यिंदू?" चिनी भाषेत हिंदुस्थानला यिंदू म्हणतात, एवढे मला ठाऊक होते. मी मान डोलावली. आजीने दोन्ही मुलींना जवळजवळ उभे करून त्यांचे छायाचित्र घेतले, आणि आमच्या मुलीच्या हाती एक संत्रे दिले. एका शब्दावर आणि एका संत्र्यावर दोन देशांचे बोलणे पुरे झाले.

पुढे परम सुसंवादाचे सभागृह लागते. संगमरवराच्या तीन पायऱ्यांच्या ओट्यावर ते उभे आहे. समोरच्या चौकात झाड नाही, सावली नाही. उभ्या माणसाला आपला क्षुद्रपणा जाणवावा हाच त्या मोकळेपणाचा हेतू. पण या सभागृहाचा जो इतिहास मला मोलाचा वाटतो तो आगीचा आहे. राजवाडा पुरा झाल्यावर अवघ्या काही महिन्यांत, १४२१ साली, तीनही राजसभांवर वीज पडून त्या जळाल्या. पुढेही त्या जळत राहिल्या आणि बांधल्या जात राहिल्या. आज दिसते ते सभागृह १६९५ ते १६९७ या काळातले आहे. आमचा शनिवारवाडा १८२८ साली जळाला आणि त्याची जोती तेवढी उरली. लाकूड तेथेही जळत होते आणि येथेही. फरक इतकाच की १८२८ साली वाडा पुन्हा बांधणारा पेशवा पुण्यात राहिला नव्हता. त्याचे राज्य दहा वर्षांपूर्वीच बुडाले होते. वास्तू आगीने नष्ट होत नाही, धन्याच्या अभावाने नष्ट होते.

आगीसाठीच या चौकांतून तांब्या-पितळेची प्रचंड रांजणे पाण्याने भरून ठेवलेली असत. हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली विस्तव घालीत. त्यांपैकी काहींना सोन्याचा मुलामा होता. आज त्या रांजणांवर सोने तुरळक दिसते; सर्वांगावर बारीक बारीक ओरखडे मात्र स्पष्ट दिसतात. १९०० साली परकी सैन्ये आत शिरली तेव्हा शिपायांनी संगिनींनी सोने खरवडून नेले, असे तेथे सांगतात.

मुलगा रांजणावर हात फिरवीत उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने मला हळूच विचारले, "बाबा, यांतला एखादा ओरखडा सरदारजींच्या आजोबांचा असेल का?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. परंतु त्या वर्षी काय घडले ते सांगता येते.

परदेशी सत्तांनी बंदरे घेतली, मुलूख तोडले, धर्मप्रचारकांना संरक्षण दिले, आणि त्यात उत्तर चीनमध्ये दुष्काळ पडला. त्या संतापातून, ज्यांना इंग्रज बॉक्सर म्हणत, त्या बंडखोरांचा उठाव झाला. २० जून १९०० पासून पेकिंगमधील परकी वकिलातींना वेढा पडला. तो उठविण्यासाठी आठ राष्ट्रांचे सैन्य चालून गेले: जपान, रशिया, ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी. यांतल्या ब्रिटनच्या सैन्यात गोरे थोडे होते. मोठा भाग आपल्या लोकांचा: सातवी राजपूत पलटण, पहिली शीख, चोविसावी पंजाबी, बंगालचे भालेवाले स्वार. १४ ऑगस्टच्या दुपारी तटाखालच्या पाण्याच्या मोरीतून, चिखलातून वाकत, वकिलातींच्या आवारात जे शिपाई प्रथम शिरले ते हिंदी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे राजमाता त्सू-शी शेतकरणीच्या वेषात राजधानी सोडून गेली. २८ ऑगस्ट रोजी आठही राष्ट्रांच्या तुकड्यांनी या निषिद्ध नगरीच्या दक्षिण दारातून शिरून उत्तर दारातून बाहेर पडत विजयाची मिरवणूक काढली. पुढच्या वर्षीच्या तहाने चीनवर ४५ कोटी तैल चांदीचा दंड बसला. तैल म्हणजे सुमारे सव्वातीन तोळे. गुणाकार आपणच करावा.

म्हणजे आम्ही ज्या वाटेने दक्षिणेकडून उत्तरेकडे चाललो होतो, त्याच वाटेने सरदारजींचे आजोबा चालले होते. त्यांच्याही आधी, १८६० साली, इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने याच शहराबाहेरचा ग्रीष्मप्रासाद लुटला, आणि मग इंग्रजांनी तो जाळला. त्या सैन्यातही लुधियान्याचे शीख होते आणि पंजाबी स्वार होते. जो पंजाब १८४९ साली स्वतः जिंकला गेला, त्याच्या मुलांनी अकरा वर्षांनी दुसऱ्याची राजधानी जिंकून दिली. मराठी माणसाने याबद्दल पंजाबकडे बोट दाखवू नये. माळव्याच्या पेट्या त्यांच्या आधी तेथे पोहोचल्या होत्या.

हे सर्व त्या शिपायांना कळत नव्हते काय? निदान एकाला कळत होते. सातव्या राजपूत पलटणीतले ठाकूर गदाधरसिंह हे त्या मोहिमेत तेरा महिने चीनमध्ये होते. परत आल्यावर त्यांनी 'चीन में तेरह मास' हे हिंदी पुस्तक लिहिले. ते १९०२ साली प्रसिद्ध झाले. लूट, जळलेली गावे, अनाथ झालेली माणसे, हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. समोरचा चिनी माणूस त्यांना शत्रू वाटला नाही. आपल्यासारखाच एक दुर्दैवी आशियाई वाटला. नोकरी इंग्रजाची, हातात बंदूक इंग्रजाची, आणि मनात मात्र करुणा, अशी ही स्थिती आहे. पदक मिळूनही ते न लावणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, याचा थोडा अंदाज मला त्या पुस्तकावरून येतो.

एवढे सगळे बारा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही. मी त्याला म्हटले, "असेलही आणि नसेलही. पण आपण त्यांच्या बाजूने उत्तर देऊ नये, आणि त्यांच्यावर आरोपही करू नये. ते स्वतःच्या मर्जीने येथे आले नव्हते, एवढे लक्षात ठेव." त्याने रांजणावरचा हात काढून घेतला.

मागच्या बाजूस राहती घरे आहेत. बैठे सोपे, लहान चौक, जुनी झाडे. येथे आल्यावर राजवाडा पुन्हा माणसांचा वाटू लागतो. शेवटचा बादशहा पू-यी याने १२ फेब्रुवारी १९१२ रोजी, वयाच्या सहाव्या वर्षी, राज्य सोडले. म्हणजे त्याच्या वतीने मोठ्यांनी सोडले. पुढे बारा वर्षे तो याच मागच्या भागात, राज्य नसलेला बादशहा म्हणून राहिला. ५ नोव्हेंबर १९२४ रोजी एका सेनापतीच्या शिपायांनी त्याला बाहेर काढले. त्यानंतर वर्षभरात, १० ऑक्टोबर १९२५ रोजी, प्रजासत्ताकाच्या वर्धापनदिनी, हा राजवाडा संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला.

त्या दिवसाची कल्पना आपण करून पाहावी. पाचशे वर्षे ज्या तटाकडे मान वर करून पाहण्याची सोय नव्हती, त्याच्या आत बायाबापड्या, हमाल, दुकानदार, शाळेची पोरे शिरली. बादशहा कोठे निजत असे, कोठे जेवत असे, हे त्यांनी पाहिले. आमचा पहिला दिवस म्हणजे चार माणसांची सहल. तो पहिला दिवस एका राष्ट्राचा होता. राज्यक्रांती १९११ साली झाली असे आपण शिकतो. मला वाटते, ती १९२५ च्या त्या दिवशी पुरी झाली. सिंहासन रिकामे झाले म्हणजे राजा जातो. सिंहासनाच्या खोलीत सामान्य माणूस निर्भयपणे हिंडू लागला म्हणजे प्रजा जाते आणि नागरिक येतो.

अर्थात उघडलेले दार उघडेच राहते असे नाही. आमच्या झिरकपूरहून तासाभराच्या आत चंडीगढचे राजधानी-संकुल गाठता येते. स्वतंत्र भारताने लोकांसाठी बांधलेल्या त्या इमारती. ल कार्बूझ्ये यांनी त्यांच्यामध्ये मुद्दाम विस्तीर्ण मोकळे पटांगण ठेवले, नागरिकांनी तेथे हिंडावे म्हणून. पुढे पंजाबने रक्ताचे दिवस पाहिले. ऑगस्ट १९९५ मध्ये मुख्यमंत्री बेअंतसिंग यांची त्याच सचिवालयाच्या दाराशी हत्या झाली. पहारे बसले, कुंपणे आली. मी मुलांना ते संकुल दाखविण्यास नेले तेव्हा ओळखपत्र दाखवून, वाटाड्याच्या मागोमाग जावे लागले. बादशहाची नगरी खुली झाली आणि लोकांची नगरी कुंपणात गेली. दोहोंचीही कारणे आहेत. पण दार उघडे ठेवणे हे एका दिवसाचे काम नव्हे, हे दोन्ही ठिकाणी कळते.

उत्तर दारातून बाहेर पडून आम्ही समोरच्या टेकडीवर चढलो. खंदक खणताना निघालेल्या मातीचीच ही टेकडी केलेली आहे. १६४४ साली बंडखोर शहरात शिरले तेव्हा मिंग घराण्याच्या शेवटच्या बादशहाने याच टेकडीवर गळफास लावून घेतला. वरून सगळी पिवळी कौले उन्हात दिसतात, आणि दक्षिणोत्तर रेषा सरळ दिसते. पिन्न्यांचा डबा आम्ही तेथे संपविला.

तिसऱ्या प्रहरी आम्ही शहराच्या दक्षिणेस स्वर्गमंदिराकडे गेलो. हेही युंग-लो बादशहानेच १४२० साली बांधविले. येथे बादशहा वर्षातून दोनदा येई. हिवाळ्यात सर्वांत लहान दिवशी तो उघड्या गोल ओट्यावर स्वर्गाला बळी अर्पण करी, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात सुगी चांगली यावी म्हणून प्रार्थना करी. त्यासाठी आधी तीन दिवस उपवास. ज्याच्यापुढे सर्व राज्य कपाळ टेकी, तो येथे स्वतः कपाळ टेकी. पीक बुडाले तर स्वर्गाने बादशहाला दिलेला अधिकार संपला, असे लोक मानीत. त्या अफाट सत्तेची खरी कसोटी शेवटी शेतकऱ्याच्या कणसात होती.

सुगीच्या प्रार्थनेचे सभागृह गोल आहे. ३८ मीटर उंच, निळ्या कौलांची तीन छपरे एकावर एक. आत २८ खांब. मधले चार म्हणजे चार ऋतू, त्यांच्याभोवतीचे बारा म्हणजे बारा महिने, बाहेरचे बारा म्हणजे दिवसाचे बारा प्रहर. १८८९ साली वीज पडून हे जळाले आणि १८९६ पर्यंत पुन्हा उभे राहिले. अवघ्या चार वर्षांनी, १९०० साली, या मंदिराच्या आवारात ब्रिटिश फौजेची छावणी पडली, आणि त्या छावणीत बहुसंख्य शिपाई हिंदी होते.

मी त्या ओट्याच्या पायऱ्यांवर बसलो आणि मला पदकाची आठवण झाली. पंजाबातला जाट शेतकऱ्याचा पोरगा. घरी जमीन थोडी, म्हणून पलटणीत गेला. जहाजाने हजारो मैल आणून त्याला उतरविला तो परक्या बादशहाच्या सुगीच्या देवळात. हे देऊळ कशासाठी बांधले आहे, हे त्याला कोणी सांगितले असेल काय? सांगितले असते तर साऱ्या फौजेत त्यालाच ते सर्वांत अधिक समजले असते. गव्हासाठी आकाशाकडे पाहणे हे त्याला शिकवावे लागले नसते.

रात्री मुक्कामी परतल्यावर मुलाने दिवसाचा शेवटचा प्रश्न विचारला. "आपल्याकडची माणसे येथे फक्त अफू घेऊन आणि बंदुका घेऊनच आली का?"

मला बरे वाटले, कारण या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते. मी म्हटले, "नाही. औषधे घेऊनही आली." १९३८ साली जपानी आक्रमणाने चीन होरपळत असताना राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्या वर्षी १ सप्टेंबर रोजी मुंबई बंदरातून ते निघाले. माळव्याची अफू ज्या बंदरातून गेली त्याच बंदरातून. पाचांत दोघे आपल्याकडचे: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस परतले नाहीत. रणभूमीच्या मागच्या डोंगरांत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, रुग्णालय चालविले, विद्यार्थी तयार केले. क्वो छिंग-लान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिन-हुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. "सकाळच्या आजी म्हणाल्या ते यिंदू, त्यातलाच यिन," असे सांगताच मुलगी अंथरुणात उठून बसली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस वारले. हेबेई प्रांतात शिजियाझुआंग येथे त्यांची समाधी आहे, आणि सोलापुरात त्यांच्या राहत्या घरात स्मारक आहे.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. म्हणजे ज्या दिवशी निषिद्ध नगरीचे दार लोकांना उघडले, त्याच दिवशी सोलापुरात एका मुलाला पंधरा वर्षे पूर्ण होत होती. योगायोगाला अर्थ नसतो, हे मी जाणतो. तरी तो मी मुलांना सांगितला, आणि ती ऐकता ऐकता झोपली.

झिरकपूरला परतल्यावर सरदारजींनी पहिला प्रश्न तिकिटाचाच केला. निषिद्ध नगरीचे तिकीट कागदाचे नव्हतेच. पण स्वर्गमंदिराचे चौतीस युआनचे तिकीट मी जपून ठेवले होते. त्यावर त्या गोल निळ्या सभागृहाचे चित्र होते. मी ते त्यांना दिले आणि म्हटले, "फौजेची छावणी येथे होती. हे सुगीचे देऊळ आहे. चांगले पीक यावे म्हणून बादशहा येथे गुडघे टेकीत असे."

त्यांनी चष्मा लावून ते चित्र बराच वेळ पाहिले. मग खिशातून हातरुमाल काढला, त्याची गाठ सोडली, आणि ते तिकीट पदकाशेजारी ठेवून पुन्हा गाठ मारली.